परभणी परिसरातील निसर्गस्थळे व हस्तव्यवसाय

महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील परभणी जिल्हा आणि त्याच्या सभोवतीचा गोदावरी–पूर्णा खोऱ्याचा प्रदेश हा निसर्गनिर्मित स्थळे व परंपरागत हस्तव्यवसाय यांचा परस्परसंबंध समजून घेण्याच्या दृष्टीने लक्षणीय आहे. प्रवासी मार्गदर्शिकांतून ही स्थळे व हे व्यवसाय स्वतंत्रपणे नोंदविले जातात. एकाच दिवसाच्या सहलीत प्रवासी सरोवर पाहतो, मंदिर पाहतो आणि परतताना एखादे वस्त्र विकत घेतो. वस्तुतः या प्रदेशातील खडक, माती, क्षार व वनस्पती यांवरच येथील कारागिरांचे व्यवसाय उभे राहिले. हा संबंध कसा जुळला, कोणत्या कारणांनी तो तुटला आणि आधुनिक पर्यटनाने तो कितपत सांधला जाऊ शकतो, हा या प्रदेशाच्या आर्थिक व सांस्कृतिक इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न होय.

प्रशासकीय दृष्ट्या या प्रदेशाची पुष्कळ विभागणी झालेली आहे. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानातील निजामी राजवट संपुष्टात आली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली हा वेगळा जिल्हा अस्तित्वात आला. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा हे परभणी जिल्ह्याचे नऊ तालुके असून जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ (२०११) होती. लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात, पैठण छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात, तेर धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात, तर बीदर कर्नाटक राज्यात मोडते. कारागिरांचे व यात्रेकरूंचे मार्ग मात्र या सीमांपेक्षा फार जुने आहेत.

भूरचना व नैसर्गिक सामग्री : हा सर्व प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. सु. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून तो तयार झाला. जिल्ह्याच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे जिंतूर तालुक्यात उतरले आहेत; दक्षिणेस बालाघाटच्या टेकड्या आहेत. मधला भाग काळ्या कसदार मातीचा असून तो ज्वारी व कापूस या पिकांसाठी प्रसिद्ध आहे. लाव्हा निवताना त्यात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये अकीक व त्याच्या जातीचे इतर गारेचे खडे तयार झाले. खडक झिजल्यानंतर हे खडे नद्यांच्या वाळूत येऊन पडले. खडकाची ही झीज एकीकडे कापसाच्या जमिनीस आणि दुसरीकडे मणी घडविणाऱ्या कारागिरास सामग्री पुरवीत आली.

परभणीच्या उत्तरेस जिंतूरवरून जाणाऱ्या मार्गाने लोणारला पोहोचता येते. लोणारचे विवर अंतराळातून आलेल्या अशनीच्या आघाताने बेसाल्टमध्ये तयार झाले आहे. त्याचा व्यास सु. १.८ किमी. असून काठापासून तळाची खोली सु. १४० मी. आहे. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ साली त्याची नोंद केली. दीर्घकाळपर्यंत हे विवर ज्वालामुखीजन्य मानले जात असे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आघाताने तयार झालेल्या काचेचे पुरावे मांडण्यात आले व अशनीपाताचे मत दृढ झाले. विवराचे वय पूर्वी सु. ५०,००० वर्षे समजले जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्‌गॉन पद्धतीच्या कालमापनाने ते सु. ५,७०,००० वर्षे निघाले. विवरातून पाण्याला बाहेर जाण्यास वाट नाही. त्यामुळे खडकातून विरघळून आलेले सोडियमचे क्षार बाष्पीभवनाने साचत गेले आणि सरोवराचे पाणी अत्यंत क्षारधर्मी बनले.

प्राचीन काळ : पेरिप्लस या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात पैठण व तगर (तेर) या दख्खनमधील दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. पैठणहून गोमेद जातीचे खडे आणि तगरहून जाडे कापड व तलम मलमल बॅरिगाझा (भडोच) बंदराकडे गाड्यांतून नेली जात असे, असे त्यात म्हटले आहे. खडे आणि कापड हे दोन्ही जिन्नस याच भूरचनेचे फळ होत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तेर, पैठण व भोकरदन येथील उत्खननांत सातवाहनकालीन मणी व इतर कारागिरीच्या वस्तू मोठ्या प्रमाणात सापडल्या आहेत. गोदावरीच्या काठाने पूर्वेकडून येणारा मालही पैठणमार्गे पश्चिमेकडे जाई. त्यामुळे परभणीचा प्रदेश या व्यापारी मार्गाच्या सान्निध्यात होता.

मध्ययुग : चालुक्य व यादव यांच्या राजवटींत बेसाल्ट हेच येथील शिल्पकारांचे मुख्य साधन बनले. जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथील मंदिरे, बारव व कोरीव स्तंभ, गंगाखेड तालुक्यातील धारासूर येथील गोदाकाठचे गुप्तेश्वर मंदिर, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ आणि लोणार येथील दैत्यसूदन मंदिर ही या परंपरेची ठळक उदाहरणे आहेत. जिंतूरजवळच्या नेमगिरी टेकडीत जैन गुंफामंदिरे आहेत. तेथील पार्श्वनाथाची भव्य मूर्ती एका लहानशा दगडावर तोललेली असल्याने ती अंतरिक्ष पार्श्वनाथ या नावाने ओळखली जाते. निसर्गाने रचलेला डोंगर आणि माणसाने घडविलेली मूर्ती यांतील सीमारेषा येथे सहजासहजी दाखविता येत नाही.

या प्रदेशात हेतुपूर्वक प्रवास करण्याची परंपराही जुनी आहे. महानुभाव संप्रदायाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी तेराव्या शतकात गोदावरीच्या खोऱ्यात व वऱ्हाडात भ्रमण केले. त्यांच्या चरित्रविषयक लीळाचरित्र या ग्रंथात लोणारचा उल्लेख येतो. चक्रधरांचा वास जेथे जेथे झाला त्या स्थानांची माहिती स्थानपोथी या चौदाव्या शतकातील ग्रंथात संकलित केलेली आहे. गाव, त्यातील मंदिरे, त्यांच्या दिशा व परस्परांतील अंतर यांचे तीत बारकाईने वर्णन असल्याने मराठीतील स्थलवर्णनाचा तो एक आद्य ग्रंथ ठरतो. मात्र त्याचा उद्देश स्थळांचे कौतुक करणे हा नसून स्मरण व वंदन हा होता. यात्रेकरू त्या काळी पायी चालत, वाटेत मुक्काम करीत आणि गावातील अन्न, वस्त्र व भांडी यांचा प्रत्यक्ष वापर करीत. जत्रेच्या निमित्ताने घोंगडी, मडकी, दोर, जोडे व लोखंडी अवजारे यांची विक्री होई. यात्रा ही अशा प्रकारे कारागिरांची हंगामी बाजारपेठही होती.

वारकरी संतपरंपरेतही या प्रदेशातील श्रमजीवी वर्गाचे स्थान मोठे आहे. नरसी (हिंगोली जिल्हा) हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. ते शिंपी समाजातील होते. तेर येथील गोरोबा हे कुंभार होते. गोदावरीच्या दक्षिण तीरावरील गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मगाव होय. पेरिप्लसने ज्या तगरची कापडाची पेठ म्हणून नोंद केली, त्याच तेरची पुढे मराठी समाजात गोरोबांचे गाव म्हणून ओळख राहिली, ही बाब उद्बोधक आहे. व्यापार ओसरला तरी चाक फिरविणाऱ्या कारागिराची आठवण मागे उरली.

लोणारचा क्षार व रंगारी : निसर्ग व हस्तव्यवसाय यांच्या संबंधाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण लोणार येथे मिळते. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा निर्देश असून तेथे काच व साबण तयार करण्यास लागणारी सामग्री मिळते व त्यापासून राज्याला उत्पन्न होते, असे म्हटले आहे. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी आटले की काठावर क्षारांचे थर जमत. ते गोळा करून, वाळवून त्यांची प्रतवारी केली जाई. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्यांची स्थानिक नावे होती. कापड धुणे, रंग पक्का करणे, साबण व बांगड्यांची काच तयार करणे यांसाठी हा क्षार वापरीत.

रंगाईच्या कामात या क्षाराला विशेष महत्त्व होते. कापूस हा तंतू वनस्पतिज रंग सहजपणे धरीत नाही. तांबड्या रंगासाठी आल या झुडपाची मुळे वापरीत. त्यापूर्वी सूत किंवा कापड तेल व क्षार यांच्या मिश्रणात वारंवार भिजवून व वाळवून तयार करावे लागे आणि तुरटीची जोड द्यावी लागे. निळीच्या रंगाईतही माठातील द्रव क्षारधर्मी ठेवावा लागतो. म्हणजे सरोवरातील क्षार, शेतातील कापूस व आल आणि रंगाऱ्याचे परंपरागत ज्ञान एकत्र आल्यावरच एक लुगडे तयार होई. तुरटीखेरीज या साखळीतील बहुतेक कडी परिसरातच उपलब्ध होत्या. क्षार, मीठ व धान्य यांची बैलांच्या तांड्यांवरून वाहतूक बंजारा समाज करीत असे. पुढे हा समाज डोंगराळ भागात तांडे वसवून स्थायिक झाला. बंजारा स्त्रियांचे आरसे व कवड्या लावलेले भरतकाम हे त्या फिरत्या जीवनाचे आजही दिसणारे चिन्ह आहे.

राजाश्रय व ग्रामव्यवस्था : अकबराच्या काळात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. त्यापूर्वी ते निजामशाहीत होते. अहमदनगरच्या निजामशहांचे मूळ घराणे पाथरीचे असल्याचे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. सतराव्या शतकात झां द तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी औरंगाबादहून गोवळकोंड्याकडे गोदाखोऱ्यातून नांदेडमार्गे गेला. औरंगाबाद व हैदराबाद या दोन राजधान्यांमुळे उंची मालाला मागणी निर्माण झाली. पैठणची पैठणी, औरंगाबादचे हिमरू आणि बीदरचे बिदरी काम हे या मागणीवर पोसलेले तीन प्रमुख व्यवसाय होत. पैठणीच्या पदरावरील नक्षीत प्रत्येक रंगासाठी रेशमाची वेगळी कांडी वापरून बाणा एकमेकांत गुंतविला जातो. त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. हिमरूमध्ये उभे धागे सुती व आडवे रेशमी असतात. किनखाबाला स्वस्त पर्याय म्हणून ते वापरात आले. बिदरी काम जस्त व थोडे तांबे यांच्या मिश्रधातूवर चांदीचे जडाव करून केले जाते. बीदरच्या किल्ल्यातील जुन्या जागेची माती व नवसागर यांच्या मिश्रणाने धातूला काळा रंग येतो आणि चांदी मात्र उजळ राहते.

परभणीच्या गावांतील विणकाम याहून साधे होते. साळी व कोष्टी जाडेभरडे सुती कापड, धोतरे व लुगडी विणीत. धनगर मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी करीत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, मांग इ. कारागीर बलुतेदारीत बांधलेले होते. त्यांना सुगीत धान्याच्या रूपाने मोबदला मिळे. या पद्धतीत निर्वाहाची काहीशी शाश्वती होती. तथापि ती जन्मसिद्ध जातिव्यवस्थेवर आधारलेली असल्याने कारागिराला व्यवसाय बदलण्याचे स्वातंत्र्य नव्हते आणि अनेकांच्या वाट्याला अप्रतिष्ठा येई. ग्रामोद्योगांच्या ऱ्हासाबद्दल हळहळ व्यक्त करताना ही दुसरी बाजू विसरता येत नाही.

ऱ्हास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही साखळी कडीकडीने तुटत गेली. १८६८ मध्ये जर्मनीत ॲलिझरीन हा तांबडा रंग कृत्रिम रीत्या तयार करण्यात आला आणि १८९७ पासून कृत्रिम नीळ बाजारात येऊ लागली. आलीची लागवड परवडेनाशी झाली. तयार रंगांना पूर्वीची दीर्घ प्रक्रिया लागत नसल्याने रंगाऱ्याचे कौशल्य व लोणारचा क्षार या दोहोंची गरज कमी झाली. कारखान्यांतील सोड्याने उरलेली बाजारपेठही घेतली. १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड लोहमार्ग परभणीवरून सुरू झाला. त्याने कापसाला दूरच्या बाजारपेठा मिळाल्या, मानवत व सेलू येथे कापसाच्या पेठा वाढल्या. परंतु त्याच मार्गाने गिरणीचे स्वस्त कापड गावात आले. कापूस जाऊ लागला आणि कापड येऊ लागले. बंजाऱ्यांची वाहतूकही यातच संपली. पुढे संस्थानाच्या विलीनीकरणाबरोबर उंची मालाचा दरबारी ग्राहक नाहीसा झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर म्हैसूर राज्यात गेले व जुन्या संस्थानी बाजारपेठेचे तुकडे झाले.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न : स्वातंत्र्योत्तर काळात संस्थात्मक प्रयत्न झाले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेड येथे मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे कार्य उभे राहिले. तिच्या उदगीर केंद्रात ध्वजासाठी लागणारी खादी विणली जाते व नांदेड येथे राष्ट्रध्वज तयार होतात. पैठण येथे शासकीय प्रयत्नांतून पैठणी विणकामाचे प्रशिक्षण सुरू करण्यात आले. येवल्यात (नाशिक जिल्हा) हा व्यवसाय अधिक विस्तारला. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने (सांप्रत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) देशी किंवा गावराणी कापसाच्या वाणांवर संशोधन केले आहे. हातसुताला व कोरडवाहू शेतीला या वाणांचा उपयोग असल्याने ते हस्तव्यवसायाच्या इतिहासाशीही निगडित आहे.

मेक्सिकोतील समांतर उदाहरण : निसर्गस्थळे व कारागिरांची गावे एकत्र दाखविणाऱ्या पर्यटनाचे जगप्रसिद्ध उदाहरण दक्षिण मेक्सिकोतील वाहाका राज्यात आढळते. तेथील झापोटेक लोकांच्या प्रदेशात येर्वे एल आग्वा येथील खनिजयुक्त झऱ्यांनी घडविलेले दगडी धबधबे, एल तुले येथील प्रचंड घेराचा वृक्ष, मित्ला येथील भौमितिक नक्षीचे अवशेष, तेओतित्लान देल व्हाये येथील लोकरी विणकाम व सान बार्तोलो कोयोतेपेक येथील काळी मातीची भांडी प्रवाशांना एका दिवसात दाखविली जातात. तेथील विणकर निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांपासून तांबडा रंग काढीत. स्पॅनिश राजवटीत हा रंग चांदीच्या खालोखाल मोलाची निर्यात होता. कृत्रिम रंगांनी त्यालाही आलीसारखाच फटका दिला. विसाव्या शतकात रस्ते व पर्यटक आल्यावर तेओतित्लानचे विणकाम वाढले आणि शतकाच्या अखेरीस नैसर्गिक रंगांचा वापर पुन्हा सुरू झाला. या वाढीबरोबर व्यापारी कुटुंबे व मजुरीवर विणणारी कुटुंबे यांच्यातील अंतरही वाढले. येर्वे एल आग्वा येथे उत्पन्न व व्यवस्थापन यांवरून स्थानिकांत वाद होऊन २०२१ मध्ये ते स्थळ काही काळ बंद राहिले. पर्यटन कारागिरीला तारू शकते. मात्र लाभ कोणाच्या हाती पडतो, हा प्रश्न ते आपोआप सोडवीत नाही.

आधुनिक पर्यटन व समस्या : १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना झाली आणि १९८३ मध्ये अजिंठा व वेरूळ यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मराठवाड्यातील पर्यटनाचा ओघ त्यामुळे त्या दोन स्थळांभोवती केंद्रित झाला. पूर्वेकडील परभणी–हिंगोलीचा भाग प्रामुख्याने तीर्थयात्रेपुरता राहिला. समृद्धी महामार्ग २०२२ पासून टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुला होऊन २०२५ मध्ये पूर्ण झाल्यावर लोणारच्या परिसरापर्यंतचा प्रवास सुलभ झाला आहे. खाजगी वाहनाने परभणीहून निघून नेमगिरी, चारठाणा व लोणार पाहून त्याच दिवशी परतणे शक्य आहे. परंतु अशा सहलीत विणकराचा माग, घोंगडी करणाऱ्याचे घर किंवा बंजारा तांडा यांना बहुधा स्थान नसते. पैठणी शहरातील दुकानात मिळते, तशीच यंत्रमागावरील तिची नक्कलही मिळते. दोहोंतील फरक ग्राहकाला समजला नाही, तर हाताने विणणाऱ्याचे अनेक आठवड्यांचे श्रम स्वस्त मालाच्या किमतीशी तोलले जातात.

निसर्गस्थळांची स्थितीही नाजूक आहे. लोणार परिसर २००० मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२० मध्ये त्याची रामसर स्थळांत नोंद झाली. त्याच वर्षी जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले; क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे संशोधन संस्थांनी दाखवून दिले. काठावरील वस्तीचे सांडपाणी व बाहेरील गोडे पाणी सरोवरात मिसळत राहिल्यास त्याची क्षारता कमी होऊन तेथील विशिष्ट जीवसृष्टी धोक्यात येण्याचा संभव आहे. चारठाण्यासारख्या गावांत शिल्पे व बारवा वस्तीतच असल्याने त्यांचे जतन ग्रामस्थांच्या सहभागाशिवाय होऊ शकत नाही.

या प्रदेशातील हस्तव्यवसायांना आजवर तीन प्रकारचे आश्रयदाते मिळाले : गाव, यात्रा व दरबार. गावाने धान्य दिले, यात्रेने ग्राहक दिला, दरबाराने उंची कामाला किंमत दिली. तिन्ही आधार क्षीण झाल्यानंतर प्रवासी हा चौथा आश्रयदाता पुढे येऊ पाहत आहे. पूर्वीच्या आश्रयदात्यांना वस्तूची गरज किंवा पारख होती. प्रवाशाजवळ वेळ थोडा व माहिती अपुरी असते. म्हणून स्थळांबरोबर सामग्रीचा व प्रक्रियेचाही परिचय करून देणारी मार्गदर्शन केंद्रे, कारागिराकडून थेट खरेदीची सोय आणि देशी कापूस व वनस्पतिज रंग यांचा वापर यांना पर्यटन योजनांत स्थान मिळणे आवश्यक आहे. लोणारच्या क्षारासारख्या संरक्षित सामग्रीचे उत्खनन पुन्हा करता येणार नाही व ते इष्टही नाही. परंतु तो क्षार कापडापर्यंत कसा पोहोचत होता, हे ज्ञान जपता येईल.  त्याची पद्धतशीर नोंद हे या प्रदेशाच्या इतिहासलेखनातील तातडीचे कार्य होय.